ससाण्याचं नाक

"मालन, तुझं नाक फाटलं!"

गाडी थांबायच्या आधीच दिलावरनं हाळी दिली आणि आजूबाजूच्या चार टीमची माणसं माझ्या तोंडाकडं बघायला लागली. माझं नाक जागेवर होतं. फाटलं होतं ते ससाण्याचं, म्हणजे आमच्या शर्यतीच्या गाडीचं. पण ते नाक मीच ठोकून घडवलेलं होतं, त्यामुळं दिलावरचं तसं काही चुकलं नव्हतं.

त्र्याऐंशी सालचा जानेवारी. मद्रासजवळ विमानांची एक जुनी, बंद पडलेली धावपट्टी होती. तिथं पिंपं मांडून, चुन्याच्या रेघा मारून दरवर्षी गाड्यांची शर्यत व्हायची. कोल्हापूरच्या उद्यमनगरातनं आम्ही तिघं जीपमागं ट्रेलर बांधून, त्यावर ससाणा चढवून दोन दिवस धूळ खात तिथवर गेलो होतो. शनिवारी सराव आणि रविवारी शर्यत. आणि शनिवारी सकाळी दहा वाजताच, सरावाच्या तिसऱ्या फेरीत, नाकाचा पत्रा फडफडून फडफडून बोल्टापाशी फाटला.

अण्णा इंगवले खाली वाकून बघत होते. अण्णा म्हणजे इंगवले मोटर वर्क्सचे मालक, इंजिनियर, वेल्डर, सगळं तेच. पोटासाठी उसाच्या चरकाचे रूळ ओतायचे आणि हौसेसाठी शर्यतीची गाडी बनवायचे. कुणीतरी त्यांना सांगितलं होतं, परदेशात अशी एक गाडी बनवायला शंभर इंजिनियर लागतात. अण्णा म्हणाले, "त्यास्नी लागत असतील."

"जाड पत्रा वापरायला पायजे होता," दिलावर हेल्मेट काढत म्हणाला. दिलावर मुजावर आमचा ड्रायव्हर. गाडी वाऱ्यासारखी चालवायचा आणि तोंड त्याहून जोरात.

"जाड घातला की वजन वाढतं," अण्णा म्हणाले. "पाच किलो वाढलं की मुंबईवाले फुडं. मालन, दुसरं नाक आणलंय न्हवं?"

"आणलंय. पण त्येबी ह्याच पत्र्याचं. लावलं तर त्येबी फाटंल."

"मग?"

मग काय, माझं मलाच ठाऊक नव्हतं.

अण्णांनी मिशीवरनं हात फिरवला. ते चांगलं लक्षण नव्हतं. एरवी ते माझ्या पत्र्यात तोंड बघून मिशीला पीळ द्यायचे. पत्रा पास की नापास, ते त्यांच्या मिशीवरनं ठरायचं. नीट दिसली की पास. दोन वर्षं मी पत्र्यावरचा हातोडीचा एकेक घाव घासून, पुसून, आरशासारखा करून द्यायची. त्याचं कारण नुसती मिशी नव्हती. आमचं घराणं तांबटांचं. आबा, म्हणजे माझा बाप, जन्मभर घागरी आणि बंब ठोकत आला होता. कारखान्यात शिरताना ती विद्या मी चपलेसारखी दाराबाहेर काढून ठेवली होती. मी गाडीची बॉडी बनवणारी, भांडी ठोकणारी नव्हे, असा माझा तोरा. माझ्या कामात कुणाला घागर दिसू नये म्हणून मी घासघासून हाताची सालटी काढून घ्यायची.

आबांना ते पटलेलं नव्हतं. ते म्हणायचे, "ॲल्युमिनचा कसला आलाय धातू? आणि हिच्या नाकाच्या शेंड्यावर राग. हिला कोण ठेवून घेनार कारखान्यात?"

अण्णांनी ठेवून घेतलं होतं. पण आता ते माझ्याकडं न बघता म्हणाले, "मालन, ह्ये बघ. मी मागंच म्हनलो होतो. पत्रा टिकत नसंल तर पुढच्या गाडीला मुंबईचं फायबर. साच्यात वतलं की झालं."

"आणि मी?"

"तू पोरी, काय..." अण्णा परत फाटक्या पत्र्यावर वाकले. "तुझ्या आबांचं दुकान हाय की."

म्हणजे परत घागरी.

तेवढ्यात कारखानीस आले.

कारखानीस साहेब म्हणजे मुंबईच्या टीमचे इंजिनियर. पांढरा शर्ट, पांढरी पॅंट, खिशात तीन पेनं आणि हातात वही. त्या धुळीत दिवसभर त्यांच्या कपड्यावर एक डाग पडायचा नाही, तेवढ्यावरनंच मला त्यांचा राग होता. त्यांची निळी गाडी गेली तीन वर्षं पहिली येत होती. दुसऱ्याच्या गाडीत नाक खुपसायची त्यांना भारी खोड.

"अरेरे! काय झालं इंगवले?" त्यांनी वाकून नाक पाहिलं, मग बोटानं टिचकी मारली. थप्प असा आवाज आला, ओल्या पुठ्ठ्यावर मारल्यासारखा. "फारच मऊ आहे हो. आमच्याकडे फायबरचं एक जादा नाक आहे. चार भोकं पाडलीत की बसेल तुमच्या गाडीला. घेऊन जा, संकोच करू नका."

"लई उपकार व्हतील," अण्णा म्हणाले.

"मी करतो की अण्णा!" मी मधेच बोलले. "दुसरं नाक हाय. मी बघतो कायतरी."

आम्ही कोल्हापूरच्या बायका 'मी करतो, मी आलो, मी गेलो' असंच म्हणतो. इथं लिहिताना सुधारून घेते, पण तोंडात तेच. कारखानीस हसले.

"हा 'करतो' कोण?" त्यांनी विचारलं. "बरं, ह्याच का त्या? तुमचा ड्रायव्हर काल चहाच्या टपरीवर सांगत होता, आमची बॉडी तांबटाची मुलगी ठोकते म्हणून."

मी दिलावरकडं बघितलं. तो हेल्मेटच्या आत काहीतरी शोधायला लागला.

"तरीच!" कारखानीस म्हणाले. "तरीच मला काल वाटलं, ही कोल्हापूरची घागर शर्यतीत कुठून आली? त्यांचा दोष नाही हो इंगवले. भांड्यात आणि गाडीत फरक असतो, एवढंच. ह्या भांडीवालीला जरा सावलीत बसवा, दमली असेल बिचारी. नाक मी पाठवतो."

आणि ते गेले. तोल जाऊ न देता, डाग पडू न देता.

मी अण्णांसमोर जाऊन उभी राहिले. "किती वाजेपर्यंत वेळ हाय?"

"पाचला गाड्यांची तपासणी बंद हुतीया."

"मला चार वाजेपर्यंत द्या. न्हाई जमलं तर त्येचं फायबर लावा, मी रातच्या गाडीनं कोल्हापूरला जातो. परत कारखान्यात पाऊल टाकनार न्हाई."

"आणि जमलं तर?"

"उद्या वीस फेऱ्या नाक टिकलं, तर फायबरचं नाव काढायचं न्हाई."

अण्णांनी मनगटावरचं घड्याळ बघितलं. "चार," म्हणाले आणि इंजिनकडं वळले.

बोलून तर बसले. करायचं काय ते मात्र डोक्यात काही नव्हतं. डोक्यात एकच शब्द घणघणत होता, भांडीवाली. मी दुसरं नाक उचललं, हातोडी घेतली आणि जीपच्या मागं जाऊन बसले. जीपला ट्रेलर अडकवायचा हुक होता, अण्णांनी स्वतः बनवलेला. त्याच्या डोक्यावर मोठ्या लिंबाएवढा गुळगुळीत पोलादी गोळा. मी नाकाची डावी बाजू त्या गोळ्यावर टेकवली.

घागर म्हणतोस व्हय रे? मग घे घागर!

आणि हाणला घाव. तांबट जसा तांब्यावर घालतो तसा, सरळ, गोळ्याच्या माथ्यावर. पत्र्यावर लख्ख गोल खळगा उठला. दुसरा हाणला. भांडीवाली काय? तिसरा. सावलीत बसवताय मला? चौथा. किती घातले ते मोजले नाहीत, पण प्रत्येक घावाला कारखानीसांचं तोंड समोर होतं, हे शपथेवर सांगते. दोन वर्षं जपलेला आरसा मी स्वतःच्या हातानं फोडत होते आणि खरं सांगायचं तर लई गार वाटत होतं.

दम लागला तशी थांबले. आता अण्णा काय म्हणतील, म्हणून नाक फिरवून बघायला लागले. हातोडीची मागची बाजू नकळत त्या खळग्यांवर आपटली.

टण्ण.

मी पुन्हा मारून बघितलं. टण्ण. जरा बाजूला, न ठोकलेल्या जागी मारलं. थप्प. परत खळग्यांवर. टण्ण.

आणि मला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं. आयला, हे तर तांबटाच्या घरातलं शेंबडं पोरसुद्धा सांगेल! घागर घडवली की ती मऊ असते, बोटानं दाबली तरी चेपते. मग तिला मठारायची. म्हणजे अंगभर एकाशेजारी एक ठोके घालत जायचं. लोकांना वाटतं ते नक्षीसाठी. नक्षी कसली? मठारलं की पत्रा कडक होतो, पातळ असला तरी हटत नाही. म्हणून तर आईच्या लग्नातला बंब अजून तसाच होता. नाकाला आकार देताना मी पत्रा तापवून मऊ केला होता आणि तसाच पॉलिश करून दिला होता. कोरी घागर विहिरीत सोडावी तसा. का, तर घागर दिसू नये म्हणून!

मग मी मांडी घातली आणि आबांचा हात आठवला. घाव जोराचा नको, मनगट सैल, एक ठोका दुसऱ्याला चिकटून, ओळीनं. ठक, ठक, ठक. अकरापासून पावणेचारपर्यंत उठले नाही. दिलावरनं दोनदा चहा आणून ठेवला, दोन्ही वेळा गार झाला. तिसऱ्यांदा तो जवळ येऊन म्हणाला, "मालन, चुकलं माझं. मी कौतुकानंच सांगितलं व्हतं गं."

"हो बाजूला, सावली पाडू नको."

चारला पाच मिनिटं कमी असताना नाक अण्णांसमोर नेऊन ठेवलं. अण्णा सवयीनं मिशीला पीळ द्यायला वाकले. एका अण्णाच्या जागी हजारभर बारके अण्णा दिसले, सगळे मिशीला हात लावलेले.

"ह्ये काय केलंस? याड लागलं का तुला?" त्यांचा चेहरा लाल झाला.

"टिचकी मारा."

"अगं, सगळ्या पत्र्याचं वाटोळं..."

"अण्णा, आदी टिचकी मारा!"

त्यांनी मारली. टण्ण. पुन्हा मारली. मग वरनं मूठ दाबली, मग कोपरानं भार दिला. नाक हाललं नाही.

"तुला ठाऊक हुतं ह्ये आसं हुतंय?"

"व्हय," मी बेधडक सांगितलं. दुसरं काय सांगणार?

तपासणीवाल्या मद्रासी साहेबानं नाकावरनं हात फिरवला आणि हे काय म्हणून खुणेनंच विचारलं. दिलावर छाती काढून म्हणाला, "डिझाईन, सार!" साहेबानं मान डोलावून शिक्का मारला.

शिक्का वाळतो न वाळतो तोच कारखानीस हजर. फायबरचं नाक परत न्यायला आले होते, निदान म्हणाले तरी तसं. पण डोळे आमच्या नाकावर.

"हे खळगे कशासाठी?"

आता मी खरं सांगितलं असतं, तर ही गोष्ट इथंच संपली असती. पण भांडीवालीच्या नाकावरचा राग अजून उतरला नव्हता. मी आवाज खाली आणला, इकडंतिकडं बघितलं.

"साहेब, कुनाला सांगनार न्हाई न्हवं?"

"छे छे."

"हवेला बसायला."

"काय?"

"गुळगुळीत पत्र्यावर हवा घसरती, मग धडपडती, मग गाडीला मागं वढती. तिला जागोजागी बसायला जागा दिली, की ती बसत बसत, सावकाश, बिनतक्रार मागं जाती."

कारखानीस हसले. पण हसता हसता त्यांचं एक पेन खिशातनं बाहेर आलं. "किती आहेत?"

"अकराशे अकरा. एक कमी न्हाई, एक जास्त न्हाई."

मी मोजलेलेसुद्धा नव्हते. त्यांनी वहीत लिहून घेतलं. दिलावर जीपमागं जाऊन तोंडात रुमाल कोंबून बसला होता.

रविवारी सकाळी गाड्या गरम करायची एक फेरी असते. त्या फेरीत ससाणा कधी नव्हे तो सरळ, शांत धावला. नाकाची फडफड बंद झाल्यावर दिलावरची भीती गेली आणि त्यानं पाय दाबला, एवढंच. पण कारखानीसांनी घड्याळ बघितलं, वही बघितली आणि धावत आपल्या तंबूत गेले. अर्ध्या तासानं आम्ही बघितलं, तर मुंबईच्या निळ्या गाडीच्या नाकावर बोटभर पुट्टी थापलेली आणि तीन मेकॅनिक ओळीनं बसून त्यात अंगठे दाबताहेत. मधे कारखानीस, मोजत. "सहाशे चार... सहाशे पाच..."

"मालन," अण्णा हळूच म्हणाले, "तू त्यास्नी काय सांगितलंस?"

"काय न्हाई. हवेची जरा सोय बघायला सांगितली."

पुट्टी वाळायला वेळ लागतो. मद्रासच्या त्या दमट हवेत तर अख्खा दिवस. शर्यत अकराला होती.

निळी गाडी सुटली ती सगळ्यांच्या पुढं. चौथ्या फेरीपर्यंत तिथंच होती. पाचव्या फेरीला नाकावरची पहिली खपली सुटली आणि थेट ड्रायव्हरच्या काचेवर बसली. मग दुसरी. मग सगळी हवा उठूनच गेली म्हणा ना. तो बिचारा दोनदा आत आला आणि दोन्ही वेळा स्वतः कारखानीस आपल्या पांढऱ्या रुमालानं त्याची काच पुसत होते. पुसताना पुट्टी शर्टाला लागली, पॅंटला लागली, एक ठिपका चष्म्यावर पण बसला. मी पोट धरून हसले. पण सोळाव्या फेरीनंतर माझं हसू थांबलं. मी नुसती नाकाकडं बघत होते. सतरा. समोरनं गेलं, जागेवर होतं. अठरा. एकोणीस. देवाला काय काय बोलले ते सांगत नाही.

विसावी फेरी संपवून ससाणा तिसरा आला. पहिल्या दोन गाड्या कुणाच्या होत्या ते आज आठवत नाही. अण्णा पहिल्यांदा ड्रायव्हरकडं न जाता नाकाकडं गेले. प्रत्येक बोल्टापाशी बोट फिरवलं. कुठं चीर नव्हती.

"फायबर नको," ते म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते. "कोल्हापूरला गेलो की हिचं सगळं अंग मठार."

मी तिथंच धुळीत बसून घळाघळा रडले. कारखानीस बघतोय का, याची पर्वा केली नाही.

मंगळवारी आबा कारखान्यात आले. दोन वर्षांत पहिल्यांदा. जन्मभर ठोके ऐकून त्यांचे कान गेले होते, त्यामुळं सगळा कारभार बोटांवर. त्यांनी नाकावरनं हात फिरवला, उजवीकडनं डावीकडं, वाचल्यासारखा. हात चालत चालत डाव्या गालाशी येऊन अडला. आबांनी एकेक खळगा बोटानं चाचपला.

"सात," ते म्हणाले. "ह्ये सात खोल गेल्यात. हितं राग आलता व्हय गं?"

मी मान डोलावली.

"म्हनलं न्हवतं तुमास्नी?" आबा अण्णांना म्हणाले. "हिच्या नाकावर राग. घ्या, आता गाडीच्याबी नाकावर आला." मग पुन्हा हात फिरवला आणि जरा थांबून म्हणाले, "बाकी हात माझा हाय."

आता आबा नाहीत, अण्णाही नाहीत. कारखाना मात्र वाढला. उद्यमनगरातनं माळावर गेला आणि गेल्या वर्षी कारखान्याच्या पन्नाशीला अण्णांच्या घरच्यांनी रस्त्यावर चालवायची स्पोर्ट्स कार काढली, नाव ससाणाच. समारंभाला मला खास बोलावणं होतं. अण्णांची नात इरा आता मुख्य इंजिनियर आहे. जुना ससाणा एका बाजूला काचेत, नवा दुसऱ्या बाजूला दिव्यांत. नव्याचं नाक जुन्यासारखंच मठारलेलं, पण प्रेसवर, एका दाबात.

"आक्का, आम्ही जुन्या नाकाचा प्रत्येक खळगा कॉम्प्युटरवर मोजला," इरा मला सांगत होती. "सगळे सारखे आहेत, पण डाव्या बाजूला सात जास्त खोल. काही केल्या कारण कळेना. विंड टनेलमध्ये आठ महिने घातले. मग काढून बघितले, तर गाडी दिसायलाच मवाळ वाटायला लागली. शेवटी ठेवले. प्रत्येक गाडीला आहेत. माहितीपुस्तकात त्यांना 'सप्तर्षी' म्हटलंय."

मी माहितीपुस्तक तोंडावर धरलं, कारण हसू आवरत नव्हतं.

शेजारच्या खुर्चीत कुणीतरी खोकलं. पांढरा शर्ट, पांढरी पॅंट, हातात काठी. ऐंशी ओलांडलेले कारखानीस. जुने प्रतिस्पर्धी म्हणून त्यांनाही बोलावलं होतं.

"अकराशे अकरा," ते म्हणाले. "मी काल इथं आलो तेव्हा काचेतून मोजले, बाई. नऊशे बासष्ट आहेत."

"मोजलं?"

"बेचाळीस वर्षं राहून गेलं होतं." ते हसले. मग काठीनं नव्या गाडीच्या नाकाकडं बोट दाखवलं. "हवेला बसायला जागा, बरोबर? मग मला एवढंच सांगा. बाकी सगळ्या जागा सारख्या. ह्या डावीकडच्या सात जरा ऐसपैस आहेत. तिथं कोण बसतं?"

"तुमी," मी म्हणाले.

ते बघतच राहिले. एकदा माझ्याकडं, एकदा त्या सात खळग्यांकडं. काय म्हणतेय ते त्यांना कळायला जरा वेळ लागला आणि कळलं तसा त्यांचा चेहरा उतरला.

"मी तुम्हाला भांडीवाली म्हणालो होतो," ते हळू आवाजात म्हणाले.

"व्हय. सात वेळा ऐकू आलं मला ते."

त्यांनी खिशातनं पांढरा रुमाल काढला, चष्मा पुसला, परत घातला आणि पुन्हा त्या नाकाकडं बघत बसले. समोर इरा माइकवर सप्तर्षींचं शास्त्रीय महत्त्व सांगत होती.